पेनल्टी शूटआउट ही लॉटरी नव्हे

बाद फेरीचा सामना १२० मिनिटांनंतरही बरोबरीत राहिला, की समालोचकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : ‘आता सगळा नशिबाचा खेळ!’ दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘लॉटरी’ हा शब्द येतो. हरलेल्या संघाचा प्रशिक्षक पत्रकारांसमोर तोच शब्द उच्चारतो आणि त्याला कोणी हटकत नाही. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे मत निर्वेध चालत आले आहे. ते चुकीचे तर आहेच. पण ज्यांनी ही कला कष्टाने साधली, त्यांच्यावर अन्याय करणारेही आहे.

पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीने मांडला पाहिजे, कारण तो मांडणारी माणसे फुटबॉल जाणणारी आहेत. त्यांचे म्हणणे असे : फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ. दोन तास झुंजलेल्या संघांचा निवाडा शेवटी अकरा मीटरवरून मारलेल्या पाच-पाच फटक्यांवर सोपवायचा, म्हणजे खेळाचा गाभाच बाजूला सारायचा. चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत गोलरेषेवर पोहोचतो. गोलरक्षकाला पाहून झेपावायला वेळच नसतो, तो अंदाजाने उडी घेतो. प्लातिनी १९८६ मध्ये चुकला, मॅराडोना १९९० मध्ये, बाज्जो १९९४ मध्ये, मेस्सी २०१६ च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात. असे खेळाडू जिथे चुकतात, तिथे कौशल्याला काय किंमत? शिवाय पहिली किक कोणाची, हेही नाणेफेकच ठरवते.

युक्तिवाद वजनदार आहे. तो टिकतो का, ते पाहू.

खरी लॉटरी फुटबॉलने एकेकाळी अनुभवली आहे. ५ जून १९६८ रोजी नेपल्समध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यात जादा वेळेनंतरही गोलफलक कोराच राहिला. पंच दोन्ही कर्णधारांना आत घेऊन गेले आणि नाणे उडवले. इटलीच्या फाकेत्तीने सांगितलेली बाजू पडली. इटली अंतिम फेरीत गेला आणि पुढे विजेताही झाला. सोव्हिएत खेळाडूंनी काय चुकीचे केले होते? काहीही नाही. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात इस्रायल बल्गेरियाविरुद्ध केवळ चिठ्ठीच्या कौलाने बाद झाला. हा सल मनात ठेवून इस्रायलच्या योसेफ दगान यांनी पेनल्टी किकचा पर्याय पुढे आणला आणि जून १९७० मध्ये खेळाचे नियम करणाऱ्या मंडळाने तो स्वीकारला. म्हणजे शूटआउट जन्माला आले तेच लॉटरी हद्दपार करण्यासाठी. ज्या उपायाने नाणे काढून खेळाडूच्या पायाशी चेंडू दिला, त्यालाच नाण्याचे नाव द्यायचे, हा कुठला न्याय?

आता पुराव्याकडे वळू. लॉटरीचे मुख्य लक्षण एकच : तिकीट काढणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, याने सोडतीत फरक पडत नाही. शूटआउटमध्ये नेमका तोच फरक पडतो. गाइर यॉर्डेट या नॉर्वेजियन क्रीडा मानसशास्त्रज्ञाने मोठ्या स्पर्धांमधले शूटआउट किक किक करून तपासले. गोल केला तर सामना जिंकला, अशा वेळी खेळाडूंचे यश नव्वद टक्क्यांच्या वर होते. चुकला तर सामना हरला, अशा वेळी तेच यश साठ टक्क्यांच्या आसपास घसरले. अंतर तेच, चेंडू तोच, गोलची चौकट तीच, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. बदलले ते फक्त मारणाऱ्याचे मन. सोडतीच्या तिकिटाला गोलफलक वाचता येतो का?

गोलरक्षक अंदाजाने उडी घेतो, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. तो अंदाज कशावर बेतलेला असतो, हे आक्षेप घेणारे विचारत नाहीत. २००६ च्या विश्वचषकात बर्लिनला अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनीच्या लेमनने मोज्यात एक चिठ्ठी ठेवली होती. गोलरक्षकांचे प्रशिक्षक क्योपके यांनी हॉटेलच्या कागदावर पेन्सिलीने नावे आणि दिशा लिहून दिल्या होत्या. आयाला त्या यादीत होता. लेमनने त्याची किक अडवली. कांबियासोचे नाव यादीत नव्हते. तरीही त्याच्या किकेआधी लेमनने चिठ्ठी काढली, शांतपणे वाचली आणि परत ठेवली. कांबियासोला ते समोर दिसत होते. त्याचीही किक अडली. ती चिठ्ठी आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. २०२४ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडच्या पिकफर्डने हीच माहिती पाण्याच्या बाटलीवर चिकटवली. स्वित्झर्लंडच्या अकांजीच्या नावापुढे ‘डावीकडे झेप’ असे लिहिले होते. पिकफर्ड डावीकडे झेपावला आणि चेंडू त्याच्या हाताला लागला.

याहून बोलका प्रसंग मॉस्कोचा आहे, आणि त्यावर थोडे थांबलेच पाहिजे. २१ मे २००८, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध चेल्सी, भर पाऊस. पालासिओस-ऊएर्ता या बास्क अर्थशास्त्रज्ञाचे टिपण चेल्सीचे प्रशिक्षक अवराम ग्रँट यांच्या हाती आधीच पोहोचले होते. त्याचा सल्ला असा : युनायटेडचा गोलरक्षक वान डर सार सहसा मारणाऱ्याच्या सवयीच्या बाजूला झेपावतो, तेव्हा उजव्या पायाने मारणाऱ्यांनी त्याच्या डावीकडे मारावे. धावता धावता मध्येच थबकण्याची रोनाल्डोची सवयही त्यात नोंदवलेली होती. रोनाल्डो थबकला आणि चेल्सीचा गोलरक्षक चेक याने किक अडवली. चेल्सीचे खेळाडू एकामागून एक वान डर सारच्या डाव्या बाजूला मारत राहिले. सातवा अनेल्का पुढे आला, तेव्हा वान डर सारने हात लांब करून आपल्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तुमचे गुपित मला कळले आहे, एवढाच त्याचा अर्थ. अनेल्काने बाजू बदलली. वान डर सार उजवीकडे झेपावला, किक अडली आणि चषक युनायटेडकडे गेला. एका संघाने अभ्यास केला, दुसऱ्या संघाच्या गोलरक्षकाने तो भर मैदानात ओळखून उलटवला. याला लॉटरी म्हणणारा बुद्धिबळालाही लॉटरीच म्हणेल.

त्याच रात्री चेल्सीचा जॉन टेरी ओल्या हिरवळीवर घसरला आणि त्याचा चेंडू खांबाला लागला. हे दुर्दैवच, मला अमान्य नाही. मार्च २०२५ मध्ये आतलेतिकोच्या अल्वारेझचा पाय रेआल माद्रिदविरुद्ध किक मारताना निसटला, चेंडूला दोनदा स्पर्श झाला आणि गोल रद्द ठरला. तेही दुर्दैव. पण पुढे काय झाले? जून २०२५ मध्ये नियम करणाऱ्या मंडळाने स्पष्ट केले, की असा स्पर्श नकळत झाला आणि गोल झाला, तर किक पुन्हा घ्यावी. २०२३ मध्ये मारणाऱ्याचे लक्ष गैर मार्गाने विचलित करण्यावर गोलरक्षकाला नियमातच बंदी घातली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्तिनेझ याने फ्रान्सच्या चुआमेनीच्या किकेआधी चेंडू दूर फेकून दिला होता आणि चुआमेनीची किक बाहेर गेली होती. नशिबाचा वाटा आहे, म्हणून तो कमी करणारे नियम होतात. निव्वळ नशीबच असते, तर कोणाचे लक्ष विचलित करून काय साधले असते?

मोठे खेळाडू चुकतात, या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. तेंडुलकर शून्यावर बाद झाला म्हणून फलंदाजीला कोणी लॉटरी म्हटले नाही.

सरावाचा मुद्दा मात्र सोपा नाही. इथे प्रतिपक्षाच्या हाती त्याचा सर्वांत धारदार दाखला आहे. २०२२ च्या विश्वचषकाआधी स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी खेळाडूंना एक हजार पेनल्टी मारून यायला सांगितले होते. मोरोक्कोविरुद्ध स्पेनच्या तीनही किका फुकट गेल्या : एक खांबावर, दोन मोरोक्कोचा गोलरक्षक बूनू याने अडवलेल्या. मग सरावाचे काय झाले? माझे उत्तर असे, की हजार हा केवळ आकडा आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या पानेंकाने १९७६ च्या युरो अंतिम सामन्यात बेलग्रेडला चेंडू हळूच मधोमध उचलून टाकला, तेव्हा पाहणाऱ्यांना ती लहर वाटली. ती लहर नव्हती. दोन वर्षे तो आपल्या क्लबच्या गोलरक्षकाशी बिअर आणि चॉकलेटच्या पैजा लावून तोच फटका घोटत होता. समोर हरवायला माणूस, हरण्याची किंमत आणि प्रत्येक वेळी उत्तर शोधणारा प्रतिस्पर्धी : सराव त्याला म्हणतात. इंग्लंडचा इतिहास हेच सांगतो. १९९० ते २०१२ या काळात मोठ्या स्पर्धांतल्या सात शूटआउटपैकी इंग्लंड सहा हरला. पुढे प्रशिक्षक झालेल्या साउथगेट यांनी हा विषय नशिबावर सोडायचा नाही असे ठरवले : क्रम आधी ठरवला, पंचाच्या शिटीनंतर घाई न करण्याची शिस्त लावली, प्रतिस्पर्ध्यांच्या सवयींचा अभ्यास करवला. २०१८ पासून त्यांच्या कारकिर्दीत इंग्लंडने चारपैकी तीन शूटआउट जिंकले. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध पाचही किका गोलात गेल्या.

इथे एक पुरावा मी मुद्दाम हाती घेत नाही. विश्वचषकातले चारही शूटआउट जर्मनीने जिंकले, क्रोएशियानेही २०१८ आणि २०२२ मिळून चारही जिंकले, हे नेहमी सांगितले जाते. पण चार म्हणजे फारच थोडे. सोळांत एकदा तसे नाण्यानेही घडते, आणि संघ पुष्कळ असले की कोणाच्या तरी वाट्याला ते येतेच. क्रोएशिया २०२३ च्या नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात स्पेनकडून शूटआउटमध्येच हरला. माझी बाजू या आकड्यांवर उभी नाही.

उरली नाणेफेक. पहिली किक घेणारा संघ शंभरात साठ वेळा जिंकतो, असे २०१० मधल्या एका अभ्यासात आढळले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. मग अधिक सामने धरून मोजणी झाली, तेव्हा तो फायदा जवळजवळ विरून गेला. किकांचा क्रम बदलून समतोल साधण्याचा प्रयोगही करून पाहिला आणि सोडून दिला. ज्या आधारावर इतका भार टाकला होता, तो आधारच उरला नाही.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे तरीही शिल्लक राहते : सांघिक खेळाचा निकाल अशा द्वंद्वाने लावावा का? प्रश्न रास्त आहे आणि त्यावर खुशाल वाद व्हावा. पण पद्धत योग्य आहे का, हा एक प्रश्न. ती लॉटरी आहे का, हा निराळा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असले, तरी दुसऱ्याचे ‘होय’ होत नाही.

आपल्याकडचेच पाहा. २० मार्च २०२२, मडगावचे फातोर्डा स्टेडियम, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. हैदराबाद आणि केरला ब्लास्टर्स १-१ बरोबरीत. हैदराबादचा गोवेकर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने शूटआउटमध्ये तीन किका अडवल्या आणि संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले. मराठी समालोचकांना आणि क्रीडा पत्रकारांना माझी विनंती आहे : असा सामना पुन्हा आला, तर ‘लॉटरी’ लिहू नका. गोलरक्षक कोणत्या बाजूला झेपावला, का झेपावला, आणि मारणाऱ्याने शिटीनंतर किती वेळ घेतला, ते लिहा.