करजणचे रूळ आणि बडोद्याची मीरा

बडोद्याहून भरूचकडे जाताना करजण लागते. तेथील स्थानकाचे मियागाम-करजण हे जोडनाव जुन्या बडोदेकरांना चांगले परिचयाचे आहे. १८६२ साली, खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, डभोई ते मियागाम अशी सुमारे वीस मैलांची अरुंद लोहवाट घालण्यात आली. संस्थानी रेल्वेचा हा आपल्या देशातील आरंभ होय. गाडी ओढीत मात्र बैल. दुसऱ्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने आली. परंतु वारभर लांबीस अवघे तेरा पौंड वजन असलेल्या त्या रुळांना इंजिनाचा भार पेलवेना. त्यामुळे बैलांची चाकरी सुटली नाही. १८७३ मध्ये भक्कम रूळ पडले आणि इंजिने नियमित धावू लागावयास १८८० उजाडावे लागले.

ही हकीकत आठवण्याचे कारण रेल्वे नव्हे. याच बडोद्याच्या मीरा एर्डा या मुलीने मोटार शर्यतीत जे केले, त्याचा विचार करताना वेगाच्या यंत्राला आधी वाट लागते, हे मला पुनःपुन्हा जाणवत राहिले.

मीराने २०१० साली, वयाच्या नवव्या वर्षी, कार्टिंगला प्रारंभ केला. कार्ट म्हणजे मौजेची लुटुपुटूची गाडी, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. स्पर्धेच्या कार्टला स्प्रिंगा नसतात. जमिनीचा प्रत्येक धक्का थेट बरगड्यांवर बसतो. सुकाणू जड असते आणि वळणावर मान बाहेरच्या बाजूस ओढली जाते. शिवाय गाडी आणि चालक यांचे मिळून किमान वजन ठरलेले असते. चालक हलका असला तर उणे पडणारे वजन शिशाचे तुकडे आसनाला बोल्टांनी घट्ट बसवून भरून काढावे लागते. सडपातळ मुलीने हे शिसे घेऊन धावायचे आणि वळणे साधायची. तेथे मुलींची वेगळी रांग नसते. जो प्रथम येईल तो प्रथम.

कार्टिंगनंतरची पायरी एकआसनी गाडीची. चाके उघडी, चालक मधोमध आडवा पडल्यासारखा बसलेला, अशी ही गाडी. अद्याप शाळकरी वयातच असलेली मीरा ‘फॉर्म्युला एलजीबी ४’ या वर्गात उतरली. या गाड्या मारुतीच्या इंजिनावर चालतात आणि एकाच घडणीच्या असतात. त्यामुळे गाडीला दोष देण्याची सोय उरत नाही. पुढे २०१७ मध्ये ती ‘युरो जेके’ मालिकेत धावली. तेथील गाडी मूळची जर्मन ‘फॉर्म्युला बीएमडब्ल्यू’ मालिकेतील. इंजिन मोटारसायकलचे, १.२ लिटरचे, परंतु शक्ती सुमारे १४० अश्वशक्ती. पाचशे किलोंच्या आसपास वजनाच्या गाडीला एवढी शक्ती म्हणजे काय, याची कल्पना घरच्या मोटारीवरून येत नाही.

आता वाटेविषयी. या शर्यती ज्या मार्गांवर होतात, ते कोठे आहेत? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे एक, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे, आणि २०११ पासून दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा बुद्ध मार्ग. यांपैकी करी हे नाव करिवर्धन यांचे. १९९५ साली विमान अपघातात निधन पावलेल्या या गृहस्थाने स्वस्त एकआसनी गाड्या देशात घडविल्या नसत्या, तर आज शर्यतीत उतरणाऱ्या कित्येकांना ती संधीच लाभली नसती. बडोद्याहून कोइम्बतूर दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर. दक्षिणेकडचा मुलगा शनिवारी सकाळी मार्गावर जाऊन सराव करू शकतो. गुजरातच्या वा महाराष्ट्राच्या मुलीला मात्र त्यासाठी प्रवास, मुक्काम, शाळेची रजा आणि सोबतीला घरचे कोणी तरी, एवढे सगळे जमवावे लागते. टायर आणि इंधनाचा खर्च निराळाच. कोल्हापुरात मोहित्यांच्या अकादमीने कार्टचा मार्ग उभारला, आणि त्या शहरातून कृष्णराज महाडिकांसारखा चालक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. यास मी योगायोग मानीत नाही.

स्त्रियांच्या निराळ्या मालिकेचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. १९७५ साली स्पेनमधील ग्रां प्रीत लेला लोम्बार्डी या इटालियन बाईंना अर्धा गुण मिळाला. अपघातामुळे शर्यत मध्येच थांबल्याने गुणही अर्धे झाले होते. त्यानंतर आजवर फॉर्म्युला वनमध्ये एकाही स्त्रीला गुण मिळालेला नाही. २०१९ साली केवळ स्त्रियांसाठी ‘डब्ल्यू सिरीज’ निघाली आणि २०२२ च्या हंगामातच पैशाअभावी आटोपली. २०२३ पासून ‘एफ१ अकॅडमी’ चालू झाली आहे. अशा मालिका म्हणजे एक प्रकारचा झनाना, असे मत मी पूर्वी बाळगून होतो. ते मी आता सोडले आहे; कारण तेथे मुलीला गाडी मिळते, आणि गाडी मिळणे हीच खरी अडचण आहे. परंतु त्याच डब्ल्यू सिरीजची पहिली विजेती जेमी चॅडविक, आपल्या चेन्नईच्या मार्गावर २०१९ च्या फेब्रुवारीत एमआरएफ चॅलेंज मालिका जिंकून गेली होती, तीही पुरुष चालकांना मागे टाकून. इंग्लंडच्या त्या मुलीला जे साधले, त्यात तिच्या पाठीशी लहानपणापासून असलेले घराजवळचे मार्ग किती मोलाचे, हे मोजण्याचे कोष्टक मजजवळ नाही.

मीराखेरीज आणखीही नावे आहेत. मुंबईची वैमानिक स्नेहा शर्मा विमानसेवेची नोकरी सांभाळून एकआसनी शर्यतींत धावत राहिली. पुण्याच्या डायना पुंडोळे यांनी २०२४ मध्ये सलून वर्गातील राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, तेही पुरुषांसह झालेल्या स्पर्धेत. त्या गाड्यांचा वर्ग वेगळा. मार्ग मात्र तोच, चेन्नईजवळचा.