जबर : तुटलेलं हाड, नशीब आणि एक अरबी शब्द

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाची जत्रा भरते. देव खांबलिंगेश्वराचा, पण ठाणे जिल्ह्यातला शेतकरी तिथे जातो तो बैलबाजारासाठीही. थंडीचे दिवस असतात, घोंगड्यांची दुकानं लागलेली असतात. काही वर्षांपूर्वी याच बाजारात एक म्हातारे शेतकरी भेटले. एका बैलाचे पाय ते तपासत होते. गुडघा दाबून पाहिला, खूर उचलून पाहिला, चार पावलं चालवून पाहिलं आणि मान हलवली. "लंगडतोय. नको."

ते वळले तेव्हा त्यांचा स्वतःचा पाय दिसला. डावी नडगी धनुष्यासारखी वाकलेली, हातात काठी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सहा वर्षं झाली. मोटारसायकलवाल्यानं उडवलं. आधी पाला लावून कामट्या बांधल्या, मग प्लास्टर केलं. हाड जुळलंच नाही. आजही आतून हलतं." मी म्हटलं, "मामा, पुन्हा दाखवलं नाहीत कुठे?" ते हसले. "आता काय दाखवायचं? नशीब, भाई!"

मी काहीच बोललो नाही. आमच्याकडे घरातली वडीलधारी माणसं हेच 'तकदीर' म्हणून सांगतात आणि त्यापुढे बोलणं थांबतं. परतताना मात्र एक अरबी शब्द डोक्यात घोळत राहिला. त्या शब्दात नशीबही आहे आणि हाड बसवणंही.

एका शब्दाचे दोन रस्ते

तो शब्द म्हणजे 'जब्र'. मराठीत तो जबर, जबरी, जबरदस्ती या रूपांत शिवकाळाच्याही आधीपासून नांदतो आहे. आपल्याला त्याचा एकच अर्थ माहीत आहे : बळजोरी. अरबीत त्याच धातूचा दुसरा अर्थ आहे तुटलेलं सांधणं, मोडलेलं हाड जागेवर बसवणं. आपल्यात अब्दुल जब्बार हे नाव घरोघरी सापडतं. अल्लाहच्या नावांपैकी 'अल-जब्बार' याचा अर्थ आपण सर्वशक्तिमान, सत्ता चालवणारा असा घेतो. जुन्या भाष्यकारांनी त्याच नावाचा 'मोडलेल्याला सांधणारा' असाही अर्थ सांगितला आहे.

पहिला अर्थ धर्मशास्त्रात गेला. हिजरीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात दमास्कस आणि बसरा इथे मोठा वाद झाला. माणूस जे करतो ते त्याच्या इच्छेनं की आधीच लिहिलेलं असतं म्हणून? माणसाला स्वतःची इच्छाच नाही, असं मानणाऱ्यांना 'जबरिया' म्हटलं गेलं. उमय्या राज्यकर्त्यांना हा विचार सोयीचा होता, असं अनेक इतिहासकार मानतात. जुलूम झाला, तोही अल्लाहचीच मर्जी, असं म्हटलं की हिशोब विचारायला कोणी उरत नाही. पुढे अशअरी आणि मातुरीदी विचारवंतांनी मधला मार्ग काढला : घडवणारा अल्लाह, पण कृतीची जबाबदारी माणसाची. सुन्नी परंपरेनं हाच मार्ग स्वीकारला. म्हणजे 'सगळं नशिबात आहे, काही करू नये' ही शिकवण इस्लामच्या मुख्य प्रवाहानं हजार वर्षांपूर्वीच नाकारली आहे. उंट आधी बांधा, मग भरोसा ठेवा, आणि आजारावर इलाज करा, या अर्थाच्या हदीस तर आपण लहानपणापासून ऐकतो.

दुसरा अर्थ दवाखान्यात गेला. हाड बसवणाऱ्याला अरबीत 'मुजब्बिर' म्हणतात. दहाव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये अदुदी बीमारिस्तान उभं राहिलं. त्यात वैद्य, शल्यचिकित्सक आणि नेत्रवैद्य यांच्याबरोबर मुजब्बिरही नेमलेले होते. हाड बसवणं हे तिथे रुग्णालयातलं रीतसर काम होतं.

हाच शब्द गणितातही गेला. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीनं समीकरणं सोडवण्याच्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. समीकरणातली वजा संख्या पलीकडे नेऊन तूट भरून काढायची, या क्रियेला त्यानं 'अल-जब्र' म्हटलं. त्यावरून युरोपात 'अल्जिब्रा' झालं, जे आपण बीजगणित म्हणून शिकतो. स्पेनमध्ये मात्र जुना अर्थही टिकून राहिला. तिथे हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. 1615 साली आलेल्या 'डॉन किहोते'च्या दुसऱ्या भागातही असा एक अल्जेब्रिस्ता आहे.

कामट्या, चुना आणि अंड्याचा बलक

स्पेनचंच नाव निघालं तर कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-जहरावी (936–1013) यांच्यापाशी थांबावं लागतं. त्यांच्या 'किताब अल-तसरीफ'चा तिसावा आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे आणि त्यातला मोठा हिस्सा मोडलेल्या व निखळलेल्या हाडांचा. जात्याच्या भिंतीला चिकटलेलं पीठ आणि अंड्यातला पांढरा बलक एकत्र करून ते लेप द्यायला सांगतात. तो सुकला की कडक होतो. बाराव्या शतकात टोलेडोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डनं हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपातले सर्जन तो कित्येक पिढ्या वाचत राहिले. त्याच काळातल्या इब्न सीना यांनी 'अल-कानून'मध्ये सांगितलं की मोडलेल्या अवयवावर लगेच फळ्या आवळू नयेत, काही दिवस थांबावं. सूज चढत असताना घट्ट बांधलं तर काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं असणार.

आपल्याकडे सुश्रुतसंहिता याहून जुनी आहे. तिच्यात हाडं मोडण्याचे बारा प्रकार आणि सांधे निखळण्याचे सहा प्रकार दिले आहेत. बांधण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस यांच्या साली आणि बांबू सांगितले आहेत. हाड वाकडं जुळलं असेल तर पुन्हा मोडून सरळ बसवावं आणि नव्यानं उपचार करावेत, असंही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. म्हशाच्या त्या मामांच्या पायाला बांधलेल्या कामट्या या परंपरेतल्याच. शहापूर-मुरबाडच्या डोंगरात कांडवेल ऊर्फ हाडजोडी आजही मोडलेल्या हाडाला लावतात. शहरांतले जर्राह आणि तालमीतले पहलवान हेही याच कुळातले.

प्लास्टरची गोष्टही अशीच लांबून आली आहे. दहाव्या शतकात अबू मन्सूर मुवफ्फक या इराणी लेखकानं मोडलेल्या हाडावर जिप्समचा लेप देण्याची नोंद केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बसऱ्यात राहिलेल्या ईटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथे रुग्णाचा पाय जिप्समच्या साच्यात बंद केलेला पाहिला आणि 1798 मध्ये ते छापलं. पुढे 1851 मध्ये मथायसन या डच लष्करी सर्जननं कापडी पट्टीत कोरडी पूड भरून ती भिजवून गुंडाळायची युक्ती काढली. आज आपल्या पायावर चढतं ते प्लास्टर याच पट्टीचा वंशज.

हाड जुळत का नाही?

या सगळ्या परंपरांना एक गोष्ट कळली होती. हाड वैद्य जोडत नाही, ते स्वतःच जुळतं. वैद्यानं ते योग्य जागी धरून ठेवायचं असतं. पण धरूनही ते जुळलं नाही तर काय, याचं पुरेसं उत्तर जुन्या ग्रंथांत नव्हतं. ते मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

नडगीचं हाड जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात. नऊ महिने उलटले आणि शेवटचे तीन महिने एक्स-रेत काहीच प्रगती नसेल, तर हाड जुळत नाही असं डॉक्टर सामान्यतः मानतात. नडगीत हे जास्त घडतं, कारण तिच्या पुढच्या बाजूला मांस नाही, फक्त कातडी. खालच्या भागात रक्तपुरवठाही कमी. जखम उघडी असेल, जंतू शिरले असतील, हाडाचा तुकडा उडून गेला असेल तर धोका वाढतो. मधुमेह, कुपोषण आणि तंबाखू त्यात भर घालतात. बिडी ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, हे डॉक्टर उगाच सांगत नाहीत. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

इलाज ठरतो तो कारणावरून. काही हाडांत रक्त भरपूर असतं, नवं हाड तयारही होत असतं, पण जागा हलत राहते. एक्स-रेत अशा हाडाची टोकं हत्तीच्या पायासारखी फुगलेली दिसतात. तिथे फक्त घट्ट आधार हवा. आधीचा रॉड काढून जाड रॉड टाकतात किंवा प्लेट बसवतात. काही हाडांची टोकं उलट निमुळती, निर्जीव झालेली असतात. तिथे आधाराबरोबर जीवही द्यावा लागतो. कमरेच्या हाडातून रुग्णाचंच थोडं हाड काढून तिथे भरतात. जंतुसंसर्ग असेल तर आधी सडलेलं हाड काढून जागा साफ करावी लागते, नाहीतर वरचं सगळं वाया जातं. हाड जुळलं पण वाकडं जुळलं, तर ते कापून सरळ करतात. सुश्रुतानं सांगितलेलंच, पण भूल देऊन आणि मोजमाप करून. पाय काही केल्या उपयोगाचा होणार नाही, अशा थोड्या रुग्णांना तो काढून चांगला कृत्रिम पाय बसवणं हाही एक सन्मान्य मार्ग असतो.

सायबेरियातला मुजब्बिर

हाडाचा मोठा तुकडाच गेला असेल, पाय आखूड झाला असेल, आत पू असेल, तेव्हा जगभर ज्याचं नाव घेतात तो माणूस होता गाव्रील इलिझारोव (1921–1992). कॉकेशसमधल्या गरीब ज्यू कुटुंबातला हा मुलगा अझरबैजानमधल्या कुसार या मुस्लिमबहुल गावात वाढला. 1944 मध्ये डॉक्टर होऊन तो सायबेरियात कुर्गान भागातल्या एका खेड्यात रुजू झाला. महायुद्धानंतर न जुळलेल्या हाडांचे जखमी सैनिक चहूकडे होते. 1951 मध्ये त्यानं एक साधन वापरायला घेतलं. पायाभोवती लोखंडी कड्या आणि त्यांतून हाडाच्या आरपार जाणाऱ्या तारा, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या.

पुढे त्याला याहून मोठी गोष्ट सापडली. हाड कापून दोन टोकं रोज फक्त एक मिलिमीटर, तेही थोडं थोडं करून, दूर नेली तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. ओढ हळू असेल तर शरीर भरपाई करतं. ख्वारिझ्मीचा 'जब्र' म्हणजे तूट भरून काढणं. इथे ती हाडातच भरून निघत होती.

बराच काळ मॉस्कोतल्या बड्या डॉक्टरांनी या खेड्यातल्या डॉक्टरला गंभीरपणे घेतलं नाही. उंच उडीतला ऑलिम्पिक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल 1965 मध्ये मोटारसायकल अपघातात जायबंदी झाला. अनेक शस्त्रक्रियांनंतरही पाय जुळेना, तेव्हा तो कुर्गानला गेला आणि बरा होऊन पुन्हा दोन मीटरहून उंच उडाला. 1980 मध्ये इटलीचा गिर्यारोहक कार्लो मॉरी आपला जुना बिघडलेला पाय घेऊन तिथे पोहोचला. पुढच्याच वर्षी इटलीतल्या परिषदेत इलिझारोव बोलले आणि ही पद्धत पश्चिमेकडे पसरली. नंतर ती भारतात आली. महाराष्ट्रात अकोल्याला तर या पद्धतीचं खास केंद्र आहे.

हा इलाज सोपा नाही. पायात महिनोन् महिने कड्या राहतात, तारांच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो, दुखतं. एक सेंटिमीटर हाडामागे साधारण एक ते दोन महिने धरावे लागतात. पण जो पाय पूर्वी कापावाच लागला असता, तो अनेकदा वाचतो.

म्हशापासून रुग्णालयापर्यंत

आता प्रश्न ज्ञानाचा राहिलेला नाही, पोहोचण्याचा आहे. टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या माणसासाठी कळवा, जेजे, केईएम हे शब्द लांबचे आहेत. एका फेरीत दिवस जातो, मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचीही बुडते. अशा चार फेऱ्या झाल्या की माणूस 'नशीब' म्हणून थांबतो. त्यामुळे त्या शब्दामागे मला श्रद्धेपेक्षा थकवा जास्त ऐकू येतो.

म्हणून माहीत असलेल्या चार गोष्टी आपण एकमेकांना सांगायला हव्यात. जुने-नवे सगळे एक्स-रे जपून ठेवा. डॉक्टरांना सरळ विचारा : हाड का जुळलं नाही? हलतंय म्हणून, रक्त नाही म्हणून, की पू आहे म्हणून? सरकारी किंवा योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, ते विचारा. बिडी, तंबाखू, मिश्री बंद करा, साखर ताब्यात ठेवा. आणि हाडवैद्यानं बांधलेलं असो की डॉक्टरनं, पट्टीखाली कळ वाढत गेली, बोटं बधिर किंवा काळी-निळी झाली, तर त्याच क्षणी बांधणी सैल करून रुग्णालय गाठा. तिथे तासांचा हिशोब असतो.

जत्रेत मी त्या मामांना यातलं काही सांगू शकलो नाही, कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. सहा वर्षांनंतरही असा पाय तपासता येतो आणि बऱ्याचदा त्यावर काही करता येतं. पुढच्या पौष पौर्णिमेला मी म्हशाला जाणार आहे. बैलबाजारात त्यांना शोधेन. भेटले तर आधी एक्स-रे कुठे आहेत ते विचारेन.