शिष्टांचे कान आणि जनांची वाणी

वऱ्हाडांतील मनुष्यानें पुण्यांत ‘मी येऊन राह्यलों’ असें म्हटलें कीं ऐकणाराच्या कपाळावर बारीकशी आठी चढते. ‘मला’च्या ऐवजीं ‘मले’, ‘डोळा’च्या ऐवजीं ‘डोया’, ‘पाणी’च्या ऐवजीं ‘पानी’ हे उच्चार कानांवर पडले म्हणजे तीच आठी अधिक खोल होते. कोल्हापूरकडील स्त्री ‘मी जातें’ असें न म्हणतां ‘मी जातों’ म्हणते. मालवणींत मुलीला ‘चेडूं’ म्हणतात आणि तिचा निर्देश नपुंसकलिंगानें करतात. यांपैकीं प्रत्येक लकब कोणाच्या तरी कानाला खुपते. ज्याच्या कानाला ती खुपते त्यास कारण विचारलें तर तो व्याकरणाकडे बोट दाखवितो. परंतु भाषेचा इतिहास चाळला असतां असें आढळून येतें कीं, या दुखण्याचें मूळ व्याकरणांत क्वचितच असतें. दरबार कोणत्या गांवीं होता, शाळेचें पुस्तक कोणीं लिहिलें आणि कोणाचें बोलणें ऐकून घेण्याची समाजास गरज वाटली, या गोष्टींवर तें बव्हंशीं अवलंबून असतें.

तेराव्या शतकांत तर खुद्द मराठीच विद्वानांच्या लेखीं हलकी होती. शास्त्र संस्कृतांत आणि संसार मराठींत, अशी वांटणी त्या काळीं रूढ होती. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांना ती मान्य नव्हती. त्यांचा विद्वान शिष्य केशोबास संस्कृतांत रचना करूं लागला, तेव्हां अशा रचनेनें स्वामींचा साधाभोळा परिवार ज्ञानाला मुकेल, असें सांगून आचार्यांनीं त्यास आवरलें. याच पंथांतील म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी गांवोगांव हिंडून मिळविल्या आणि सुमारें १२७८ सालीं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ होय. तो जेथें लिहिला गेला तें ऋद्धिपूर गांव आजच्या अमरावती जिल्ह्यांत, म्हणजे वऱ्हाडांतच आहे.

यावरून लीळाचरित्राची भाषा म्हणजे आजची वऱ्हाडी असें कोणी समजूं नये. चक्रधर मूळचे गुजरातेंतले, त्यांचा संचार पैठणपासून विदर्भापर्यंत झालेला आणि सातशें वर्षांत प्रत्येक बोली पुष्कळ पालटलेली. तथापि मराठी गद्याचा पाळणा ज्या प्रांतांत हलला, त्याच प्रांताचें बोलणें पुढें अशुद्ध म्हणून हिणवलें जावें, हा दैवदुर्विलास लहान नव्हे. त्यास एक कारणही घडलें. पंथीयांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत जपून ठेवले होते. त्या लिपीचा उलगडा वि. का. राजवाडे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं केला, आणि लीळाचरित्र नागपूरच्या ह. ना. नेने यांच्या परिश्रमानें १९३६ पासून छापून बाहेर येऊं लागलें. तोंपर्यंत शुद्ध मराठी कोणती याचा निकाल लागून गेला होता.

तो निकाल लागला एकोणिसाव्या शतकांत, आणि तो पुण्याच्या बाजूनें लागला. अठराव्या शतकांत पुणें हें मराठी राज्यकारभाराचें मुख्य ठाणें होतें. १८१८ सालीं राज्य गेलें, तरी शास्त्री, कारकून व लेखणीवर पोट भरणारीं घराणीं तेथेंच राहिलीं. इंग्रज अधिकाऱ्यांस कोश आणि शाळेचीं पुस्तकें हवीं होतीं. त्यांनीं अशाच मंडळींस हाताशीं धरलें. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश कँडी बंधूंच्या साहाय्यानें १८३१ सालीं तयार झाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. त्याच सुमारास, १८३६ सालीं, दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण प्रसिद्ध झालें. मोल्सवर्थ यांची दृष्टि उदार होती. देशावरचे व कोंकणांतले, घरगुती, शेतीभातीचे आणि बाजारी शब्दही त्यांनीं आपल्या कोशांत घेतले. पण कोश शब्द गोळा करतो, आणि पाठ्यपुस्तक ते निवडतें. पुढें सरकारी शाळांतून जी निवड झाली तींत पुण्याकडील शिष्टांची बोली ‘मराठी’ ठरली व बाकीच्या बोली ‘ग्राम्य’ ठरल्या.

या काळांत वऱ्हाड कोठें होतें? तें १८५३ पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अंमलाखालीं होतें, नंतर इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें आणि १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडलें गेलें. मुंबई राज्यांत तें आलें १९५६ सालीं. इतका दीर्घ काळ तेथील मराठी माणूस हिंदी बोलणाऱ्यांच्या शेजारीं राहिला, एका बाजारांत बसला, एका कचेरींत खेटे घालूं लागला. ‘येऊन राह्यलों’ ही धाटणी हिंदींतील अशाच प्रयोगाच्या वळणावर गेली आहे, हें उघड आहे. पण पुणेरी ‘येत आहें’ हा प्रयोगही मुख्य क्रियापदास दुसऱ्या क्रियापदाचा आधार देऊनच बनला आहे. एकानें ‘असणें’ घेतलें, दुसऱ्यानें ‘राहणें’ घेतलें. दोहोंतही क्रिया चालू असल्याचा बोध सारखाच स्पष्ट होतो.

परक्या संसर्गाचा दोष द्यावयाचा, तर पुण्याची मराठी तरी कोठें सोंवळी होती? दरबारी मराठींत फारसी शब्दांचा एवढा सुळसुळाट झाला होता कीं, शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें त्यांस संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. तरीही ‘कागद’, ‘हुकूम’, ‘जमीन’ हे शब्द घराघरांत राहिले आणि त्यांचें परकेपण कोणास आठवतही नाहीं. उलट, विसाव्या शतकांत वि. दा. सावरकर यांनीं ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द सुचविले, तेव्हां त्यांची थट्टा झाली. पुढें तेच शब्द सरकारी कागदांवर मुकाट्यानें जाऊन बसले. म्हणजे शब्द जुना कीं नवा, देशी कीं परका, यावरून तो कानास खुपेल कीं नाहीं हें ठरत नाहीं. संवय झाली कीं खुपणें थांबतें.

उच्चारांची कथा याहून मनोरंजक आहे. ‘पानी’ म्हणणारास अडाणी समजतात. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’. प्राकृतांत ‘न’चा ‘ण’ झाला आणि त्यांतून ‘पाणी’ आलें. खेड्यांतल्या माणसानें त्या ‘ण’चा पुन्हां ‘न’ केला. त्यानें कांहीं संस्कृत जपलें नाहीं, हें खरें. त्याच्या बोलींत हे दोन ध्वनि एकत्र झाले इतकेंच. पण ज्या क्रियेनें ‘पानी’ झालें, तशाच क्रियेनें शिष्टांची भाषाही घडली आहे. ‘नवनीत’ या शब्दाचें ‘लोणी’ झालें. त्यांत आरंभींच्या ‘न’चा ‘ल’ झाला, मधला ‘व’ विरून गेला आणि शेवटचा ‘त’ गळाला. एवढी मोडतोड झालेला शब्द पुण्याच्या पंगतींत सन्मानानें वाढला जातो, आणि त्याच पंगतींत कोणी ‘लोनी’ मागितलें तर हंशा पिकतो.

हंशा पिकला म्हणून कोणाचें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. याचें उत्तर जोतीराव फुले यांच्या चरित्रांत सांपडतें. फुले यांचें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ सालीं निघालें. त्यांचें गद्य बोलीच्या अंगानें जाणारें, खडबडीत आणि शेताच्या बांधावर समजणारें होतें. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे तर मराठी गद्याचे मोठे शिल्पकार. १८७४ पासून निघणाऱ्या ‘निबंधमालें’त त्यांनीं फुले यांच्या भाषेची व व्याकरणाची यथेच्छ टर उडविली. शिष्ट वाचकांस ती टर रुचली. परंतु याच काळांत, १८७५ च्या मे महिन्यांत, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांची खतें जाळलीं आणि तो वणवा आसपासच्या गांवीं पसरला. शेवटीं १८७९ सालीं सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा करावा लागला. कर्ज, शेतसारा, अज्ञान या ज्या दुःखांविषयीं फुले बोलत होते, तीं व्याकरणाच्या चुका काढल्यानें खोटीं ठरलीं नव्हतीं. १८८३ सालीं त्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तोही त्याच भाषेंत. बोलणाराच्या भाषेवर हंसलें कीं त्याच्या म्हणण्यास उत्तर देण्याचें काम टळतें, ही या हंशाची खरी किंमत आहे. आणि ती हंसणारास सहसा द्यावी लागत नाहीं.

याचा अर्थ प्रत्येक शब्द निमूटपणें सोसावा असा मात्र नाहीं. एखाद्या जातीचें नांव शिवीसारखें वापरणाऱ्या म्हणी, विधवेस अपशकुनी ठरविणारे वाक्प्रचार हेही लोकांच्या तोंडचेच आहेत. ते ऐकून चीड येते ती योग्यच होय, कारण तेथें दुसऱ्या माणसावर घाव पडत असतो. ‘मले’ आणि ‘पानी’ यांनीं कोणावरही घाव पडत नाहीं. कानास झालेला त्रास आणि माणसास झालेली इजा यांत भेद करतां येणें, हें सुसंस्कृतपणाचें लक्षण मानावयास हरकत नाहीं.

पुढें या बोलींना दाद मिळाली ती साहित्यिकांमुळें. व्यंकटेश माडगूळकरांचीं ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालीं आलीं. बहिणाबाई चौधरी यांच्या खानदेशी वळणाच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या आणि ज्यांनीं तसे उच्चार मुलांच्या तोंडीं सुधारले असते, तेच वाचक त्या पाठ म्हणूं लागले. उद्धव शेळके यांनीं ‘धग’ (१९६०) या कादंबरींत वऱ्हाडी बोलणें तसेंच्या तसें आणलें. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहानें तर मुंबईच्याच एका वस्तींतील असे शब्द पुढें केले, कीं ते त्याच शहरांतील सुशिक्षितांस अपरिचित होते. शब्द अनोळखी होते, कारण त्या वस्तींतलीं माणसें अनोळखी होतीं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या दर्जासाठीं मराठीच्या प्राचीनतेचे जे पुरावे पुढें ठेवले जातात, त्यांत महाराष्ट्री प्राकृत आहे आणि लीळाचरित्रही आहे. प्राकृत म्हणजे सामान्य जनांची बोली, आणि लीळाचरित्र म्हणजे संस्कृत न जाणणाऱ्या साध्याभोळ्या परिवारासाठीं लिहिलेलें पुस्तक. ज्या वाणीला एके काळीं विद्वानांच्या सभेंत जागा नव्हती, तिच्याच आधारावर मराठीचा हा मान उभा आहे. तेव्हां वऱ्हाडांतून आलेला पाहुणा ‘मी सांगून राह्यलों’ असें म्हणूं लागला, तर तो काय सांगतो आहे तें आधीं ऐकावें. क्रियापदाचा विचार मागाहूनही करतां येतो.