बॉम्बे ग्रुपची कुळकथा

कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली व्हिएन्नात रक्तगट मांडले, आणि त्यानंतर पन्नास वर्षे सगळे ‘ओ’ला तळमजला समजत राहिले. तांबड्या पेशीवर ए नाही, बी नाही, तर तो ओ. त्याचे रक्त कुणालाही चालते. त्याच्याही खाली तळघर आहे, हे उघड झाले मुंबईत परळला, केईएम रुग्णालयात.

डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यापुढे असे रक्त आले की पेशी ओसारख्या दिसत, पण सीरम मात्र ओच्या पेशींच्याही गुठळ्या करी. अशा वेळी पहिला संशय नमुन्यांच्या अदलाबदलीवर जातो. कुणीही बाटली बदलून पुढे गेले असते. हे गेले नाहीत, आणि माझ्या मते खरा शोध तिथेच लागला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांची साथ मिळाली आणि १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये तीन माणसांच्या या रक्ताचा लेख आला. त्यावरच्या सात नावांत पहिली तीन मुंबईकरांची होती.

झाले होते ते असे. पेशीवरच्या शर्करासाखळीच्या टोकाला फ्यूकोज जोडली गेली की ‘एच’ तयार होतो. ए आणि बीची विकरे आपापली साखर त्या एचवरच चढवतात. ओ माणसात एच तसाच उघडा राहतो. लेखातल्या त्या तीन माणसांत एचच नव्हता. म्हणून ओचे रक्तही त्यांच्या शरीराला परके. बीचे जनुक असूनही अशा माणसाच्या पेशीवर बी दिसत नाही, पण पुढच्या पिढीत तो उमटतो. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी असे कुटुंब नोंदवले: ओ दिसणारी आई आणि एबी मुलगी. (रक्तगटावरून कुणाच्या आईबापांविषयी शंका घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) दोष नेमका कुठे, ते १९९४ साली कळले: एफयूटी१ या जनुकात. भारतीयांत बहुधा त्याच्या ७२५व्या जागी टीऐवजी जी असतो.

युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा. मुंबईत सुमारे ७,६०० माणसांमागे एक. दोष अप्रभावी, आईबाप दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. ज्या शहरावरून गटाला नाव पडले, त्याचे नाव १९९५ साली बदलले. रक्तपेढीत आजही ‘बॉम्बे’च म्हणतात.

फक्त अँटी-ए आणि अँटी-बीने तपासले तर या माणसाच्या कार्डावर बिनदिक्कत ‘ओ’ लिहिले जाते, आणि ओचे रक्त चढवले तर जीव जाऊ शकतो. त्याचे सीरम ओ पेशींशी ताडून पाहिले, तर तो सापडतो. घरात कुणाचा गट बॉम्बे निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करून घ्या. प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते, आणि अडचणीच्या वेळी रक्त देणारा बहुधा त्यांच्यातच मिळतो.