जुगाराच्या टेबलावरचा माणूस

हौशी रंगभूमीवर मी पंचवीस वर्षं पोस्टमन, हवालदार आणि नायिकेचा मामा एवढंच केलं. त्यामुळे सिनेमा बघताना नायकाआधी माझी नजर जाते ती दार उघडणाऱ्याकडे, ट्रे घेऊन येणाऱ्याकडे. ‘कासाब्लांका’त (1942) इथे जुगार चालतो म्हणून कॅप्टन रेनो रिकचा कॅफे बंद करायला लावतो, आणि तेवढ्यात टेबल सांभाळणारा माणूस अदबीनं येऊन कॅप्टनचेच जिंकलेले पैसे त्याच्या हातात ठेवतो. काही सेकंदांचं काम. श्रेयनामावलीत नाव नाही. पण क्षणभर आधी आला असता किंवा नंतर, तर हशा गेला असता. हा मार्सेल दालियो.

तीनच वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हाच माणूस पडद्यावर मार्की, म्हणजे फ्रेंच उमराव, होता.

मूळ नाव इस्रायल मोशे ब्लाउशिल्ड. जन्म पॅरिसचा, आईबाप रुमानियाहून आलेले ज्यू. उमेदवारी रिव्ह्यू आणि कॅबरेच्या रंगमंचावर झाली. 1937 साली ‘पेपे ल मोको’त तो पोलिसांचा खबऱ्या झाला. त्याच वर्षी झाँ रेनवारच्या ‘ला ग्राँद इल्युझियों’मध्ये युद्धकैदी रोझेंताल झाला, घरून आलेले खाऊचे डबे सोबत्यांत वाटून खाणारा. 1939 मध्ये रेनवारनंच त्याला ‘ला रेग्ल द्यु जे’मधला मार्की द ला शेनी दिला. यांत्रिक वाद्यं जमवायचा छंद असलेला हा मार्की जत्रेतला भलामोठा ऑर्गन पाहुण्यांपुढे उघड करतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अभिमान आणि संकोच एकमेकांना ढकलत असतात. शब्द एकही नाही. आमच्या तालमीत असलं काही कुणाला साधलेलं मला आठवत नाही. खाली नोकर जेवताना मार्कीच्या आजोबांचं ज्यू आडनाव कुजबुजतात : रोझेंताल. जुलैमध्ये सिनेमा लागला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. युद्ध सुरू होताच त्यावर बंदीच आली.

जून 1940 मध्ये जर्मन फौजा येण्याआधी दालियो पत्नी मादलेन लबोसह पॅरिसमधून निसटला. लिस्बन गाठलं. चिलीचे व्हिसा मिळाले, ते खोटे निघाले. वाटेत मेक्सिकोत दोघं अडकले, मग कॅनडाच्या तात्पुरत्या कागदांवर अमेरिका. इकडे व्याप्त पॅरिसमध्ये ज्यू कसा ओळखावा हे दाखवायला नाझींनी त्याचाच फोटो पोस्टरवर छापला. आईवडील छळछावण्यांत मारले गेले.

हॉलिवूडमध्ये त्याच्या वाट्याला तोंडी लावण्यापुरती कामं आली. ‘कासाब्लांका’त लबोही आहे : फ्रेंच राष्ट्रगीत गाताना डोळे भरून येणारी इव्होन. दालियो पुढे ‘टू हॅव अँड हॅव नॉट’मध्ये (1944) हॉटेलवाला झाला, ‘सब्रिना’त (1954) म्हातारा बॅरन. मध्यंतरी तो फ्रान्सला परतला होता, पण मार्कीसारखी भूमिका पुन्हा आली नाही.

1973 मध्ये फ्रान्सभर तुफान चाललेल्या ‘रब्बी जाकोब’मध्ये धमाल सगळी लुई द फ्युनेसची, खोट्या रब्बीची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची. खरा रब्बी दालियो. तीस वर्षं अमेरिकेत काढून मायदेशी निघालेला. न्यूयॉर्कमधले लोक त्याला निरोप देतात, आणि तो पॅरिसचं विमान पकडायला गाडीत बसतो. ज्या शहराच्या भिंतींवर हा चेहरा ओळखीसाठी चिकटवला होता, तिथल्या लोकांनी आता तिकीट काढून तोच चेहरा पाहिला. काम याही वेळी थोडंच होतं. नाव मात्र होतं.