कबुली देणारें यंत्र

वेगानें धांवणाऱ्या मोटारीचा ब्रेक एकदम दाबला म्हणजे चाकें जखडतात. जखडलेलें चाक फिरत नाहीं, नुसतें घसरतें. आणि पुढचीं चाकें घसरूं लागलीं कीं स्टिअरिंग कितीहि वळवा, गाडी वळत नाहीं. यावरील उपाय प्रथम विमानांत रूढ झाला. डनलॉप कंपनीचें 'मॅक्सारेट' हें यांत्रिक साधन १९५० नंतरच्या दशकांत विमानांच्या चाकांवर बसूं लागलें, आणि १९६६ सालीं इंग्लंडांतील 'जेन्सन एफएफ' या मोटारीनें तें रस्त्यावर आणलें.

विजेच्या साहाय्यानें हेंच कार्य अधिक नेमकें करतां येईल, हें लवकरच दिसून आलें. १९७० सालीं जर्मनींत डेमलर-बेन्झ कंपनीनें चारहि चाकांची अशी योजना उंटरट्युर्कहाइम येथें प्रत्यक्ष दाखविली. मात्र ती ग्राहकाच्या हातीं पडण्यास आणखी आठ वर्षें लागलीं. तिच्या नियंत्रकांत सुमारें १००० सुटे विद्युत्-भाग होते, आणि जितके भाग तितक्या बिघाडाच्या जागा. प्रयोगशाळेंत चालणें निराळें आणि उष्णता, पाणी व हादरे सोसून वर्षानुवर्षें चालणें निराळें. १९७८ सालीं बॉश कंपनीनें अंकीय मंडलें योजून ही संख्या १४० वर आणली, आणि त्याच वर्षीं मर्सिडीझच्या 'एस' वर्गाच्या गाड्यांत ही योजना मिळूं लागली.

परंतु खरा प्रश्न संख्येचा नव्हता, विश्वासाचा होता. चाक जखडूं नये म्हणून हें यंत्र ब्रेकचा दाब क्षणभर सोडतें. तोच दाब त्यानें भलत्या क्षणीं सोडला तर? म्हणून त्यास आत्मपरीक्षण शिकविण्यांत आलें. किल्ली फिरवितांच दिवा लागतो व थोड्याच वेळांत विझतो; पुढें प्रवासांतहि तपासणी चालूच असते. शंका आली कीं यंत्र बाजूस होतें, साधा ब्रेक चालकाच्या हवालीं करतें आणि दिवा पेटवून आपल्या दोषाची कबुली देतें.

ही कबुली वाचणें मात्र माणसाचें काम आहे, आणि तेथेंच बहुधा चूक होते. तपासणी-यंत्रावर 'डाव्या पुढच्या चाकाचा संवेदक' असा संकेत उमटतो आणि संवेदक बदलला जातो. दिवा मात्र पुन्हां पेटतो. संकेत गल्ली सांगतो, घर सांगत नाहीं. जुन्या धाटणीचा संवेदक म्हणजे लोहचुंबकावरील तारेचें वेटोळें. चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्याचे दांते त्यापुढून गेले कीं त्यांत वीज उपजते. त्याचा रोध बहुधा हजार-दोन हजार ओहम असतो. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत पाहावा. मीटर रोध अनंत दाखवील तर तार तुटली आहे. रोध योग्य असेल तर चाक हातानें फिरवून वीज उपजते कीं नाहीं तें पाहावें. उपजत नसेल वा रोडावली असेल, तर कड्याचे दांते, त्यांवरील गंज व मधलें अंतर तपासावें. नव्या धाटणीच्या संवेदकांस बाहेरून वीज पुरवावी लागते. तेथें रोध मोजण्यांत अर्थ नाहीं.

पुढच्या चाकाची तार प्रत्येक वळणावर वांकते व वेष्टनाच्या आंत तुटते. वरून ती धड दिसते. म्हणून ती हालवीत मोजावी. चारहि चाकांची तक्रार एकदम आली तर दोष बहुधा सामाईक फ्यूज, पुरवठा किंवा अर्थ यांचा. एखादा धागा शिल्लक असलेली तार साध्या मोजणींत निर्दोष ठरते. पंप चालवून, भार पडला असतां मोजली म्हणजेच तिचें सोंग उघडें पडतें. नियंत्रक सर्वांत महाग. त्याजवर संशय सर्वांत शेवटीं घ्यावा.

भारतांत एप्रिल २०१९ पासून नव्यानें बनणाऱ्या मोटारींत ही योजना सक्तीची आहे. तेव्हां हा पिवळा दिवा आतां घरोघरच्या परिचयाचा झाला आहे. तो एकटा पेटला असतां साधा ब्रेक लागतो, पण चाकें जखडूं शकतात. सावकाश जाऊन गाडी लवकर दाखवावी. सोबत ब्रेकचा तांबडा दिवाहि पेटला तर सुरक्षित जागीं तेथेंच थांबावें. दिव्यावर कागद चिकटवून निश्चिंत होणारेहि कांहीं आहेत. ज्या प्रामाणिकपणाखातर यंत्रास आठ वर्षें थांबावें लागलें, त्याचेंच तोंड आपण बंद करूं नये.