थंड रेडिएटरचा इतिहास : एक धागा

'रेडिएटर' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर घाटात वाफ सोडत उभा राहिलेला ट्रक येतो. लंडन, बर्लिन वा सेंट पीटर्सबर्ग येथील माणसाला मात्र खिडकीखालची बिडाची फासळीदार चौकट आठवते. ट्रकचा रेडिएटर नकोशी उष्णता बाहेर टाकतो, घरातला रेडिएटर हवीशी उष्णता देतो. हा धागा या दुसऱ्याविषयी आहे. त्यातही, तो तापेनासा होतो तेव्हा नेमके काय घडलेले असते याविषयी. या यंत्राला लावलेली हवेची चावी, झडप, पंप यांपैकी जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्या तरी जुन्या तक्रारीचे उत्तर म्हणून जन्माला आली आहे.

गरम पाण्याच्या नळांची पहिली गिऱ्हाइके माणसे नव्हतीच. स्वीडिश अभियंता मार्टेन ट्रिवाल्ड याने १७१६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे गरम पाणी खेळवून एक हरितगृह उबदार ठेवले. पुढे १७७७ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोनमँ याने त्याच तत्त्वावर कोंबडीची अंडी उबवली, आणि उष्णता आपोआप कमीजास्त व्हावी म्हणून धातूच्या प्रसरणावर चालणारा नियामकही बसवला. झाडांना आणि पिलांना एकसारखी ऊब लागते; माणूस शेकोटीजवळ सरकून बसू शकतो. त्यामुळे माणसांच्या घरात हे तंत्र शिरायला बराच काळ गेला.

ते शिरले तेही धडपडतच. बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीचा वास्तुविशारद सर जॉन सोन याने लंडनमधील आपल्या राहत्या घरात वाफेचे आणि गरम पाण्याचे अनेक प्रयोग करून पाहिले. ते एकामागून एक फसले. अखेर १८३० च्या दशकात अँजिअर मार्च पर्किन्स याची पद्धत तेथे बसली आणि घर तापले. पर्किन्सने १८३१ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना धाडसी होती : जाड भिंतीचे, बारीक पोटाचे, पूर्णपणे बंद केलेले नळ आणि त्यांत प्रचंड दाबाखाली उकळबिंदूच्याही वर तापवलेले पाणी. हे नळ इतके तापत की लाकडाला लागून गेले तर आगीची भीती असे. मँचेस्टरमध्ये १८४१ साली एका विमा कंपनीने या पद्धतीची रीतसर चौकशी करवून घेतली होती. म्हणजे 'तापत नाही' ही तक्रार मिटवताना 'फार तापते' ही नवी तक्रार उभी राहिली.

आता मूळ रोगाकडे वळू. रेडिएटर खाली गरम आणि वर थंड लागत असेल, तर आत हवा अडकलेली असते. पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापताच सुटते, हलकी असल्याने सर्वांत उंच जागी जाऊन बसते, आणि तेवढ्या भागात गरम पाण्याला शिरू देत नाही. विहिरीवरच्या पंपाने हवा घेतली की पाणी चढत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे समजावून सांगायला नको. इंग्लंडमध्ये चार्ल्स हूड याने १८३७ मध्ये गरम पाण्याने इमारती उबदार ठेवण्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यातही नळांत साचणाऱ्या हवेला वाट करून देण्याचा विचार आहे. आजच्या रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा चौकोनी स्क्रू हा त्याच विचाराचा वंशज होय. बॉयलर बंद करून, पाणी निवल्यावर, चावीने तो अर्धा फेरा सैल करायचा. फुसफुस थांबून पाण्याची धार लागली की पुन्हा आवळायचा. बंद दाबाच्या जोडणीत यानंतर दाबमापकाकडे पाहणे आवश्यक असते. हवा गेली की दाबही उतरतो, आणि थंड अवस्थेत तो साधारण १ ते १.५ बार नसेल तर घरातले सगळेच रेडिएटर मंदावतात.

दर पंधरवड्याला हवा काढावी लागत असेल, तर ती बहुधा हवा नव्हेच. आतले लोखंड गंजताना हायड्रोजन वायू तयार होतो आणि तोच वर साचतो. तो ज्वलनशील असल्याने त्या स्क्रूजवळ काडी वा मेणबत्ती नेणे धोक्याचे. याच गंजाचे दुसरे अपत्य म्हणजे मॅग्नेटाइटचा काळा गाळ. तो जड असल्यामुळे तळाशी बसतो, म्हणून अशा वेळी रेडिएटर वर गरम आणि खाली मध्यभागी थंड लागतो. वर थंड असेल तर हवा आणि खाली थंड असेल तर गाळ, हे निदान हाताच्या तळव्याने होते. गाळावर उपाय मात्र कष्टाचा : रेडिएटर उतरवून धुणे, किंवा सगळी जोडणी पाण्याच्या जोरदार प्रवाहाने साफ करणे. आणि गंमत अशी की, दाब भरण्यासाठी आत सोडलेले प्रत्येक ताजे पाणी नवा प्राणवायू घेऊन येते व गंजाला पुन्हा खाद्य मिळते. गळती न शोधता नुसते पाणी भरत राहणारा मालक म्हणूनच आपला रेडिएटर आतून खात असतो.

खुद्द 'रेडिएटर' ही वस्तू कोणाची? सेंट पीटर्सबर्गमध्ये कारखाना काढलेल्या, प्रशियात जन्मलेल्या फ्रान्झ सान-गाली याच्याकडे १८५० च्या दशकातील या शोधाचे श्रेय सामान्यतः दिले जाते. अमेरिकेत जोसेफ नेसन आणि रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८६३ मध्ये उभ्या लोखंडी नळ्यांच्या रेडिएटरचे पेटंट घेतले. नावाचा वाद घालायचाच तर तो वेगळा घालावा. रेडिएटर म्हणजे किरणांनी उष्णता देणारा; पण हे यंत्र बरेचसे काम खोलीतली हवा तापवून, वर चढवून करते. म्हणून त्याच्यापुढे सोफा लावला किंवा जाड पडदा सोडला की निर्दोष रेडिएटरही निकामी वाटतो. किरणांचा वाटा मात्र अगदीच क्षुल्लक नव्हे. अमेरिकेतील घरांत रेडिएटरला चंदेरी रंग देण्याची प्रथा होती, आणि तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने धातूची पूड असलेल्या अशा रंगामुळे मिळणारी उष्णता घटते हे दाखवून दिले.

अमेरिकेतील जुन्या इमारतींचा रोग आणखी निराळा, कारण तिथे पाण्याऐवजी वाफ. एकनळी पद्धतीत वाफ ज्या नळाने वर येते, त्याच नळाने थिजलेले पाणी परत खाली उतरते. जुनी जमीन खचून रेडिएटरचा ढाळ बिघडला की पाणी आत साचते, वेगाने येणारी वाफ ते पाणी ढकलत नेऊन आपटते, आणि मध्यरात्री कोणी नळावर हातोडा मारतो आहे असा आवाज होतो. उपाय साधा : पाणसळ ठेवून पाहायचे आणि टोकाच्या पायांखाली पाचर सारून नळाकडे ढाळ द्यायचा. या पद्धतीत झडप अर्धवट उघडी ठेवणेही चालत नाही. ती पूर्ण उघडी वा पूर्ण बंदच हवी.

गरम पाण्याच्या घरांत मात्र विसाव्या शतकाने नवा प्रश्न आणला. पूर्वी पाणी केवळ गरम हलके, थंड जड या भेदाने फिरत असे, त्यासाठी नळ जाडजूड लागत. जर्मनीत डॉर्टमुंड येथे विल्हेल्म ओपलेंडर याने १९२८-२९ च्या सुमारास नळातच बसणारा विजेचा पंप आणला आणि नळ बारीक झाले. परंतु पंपाने ढकललेले पाणी आळशी असते. ते जवळच्या रेडिएटरमधून झटपट परत येते, टोकाच्या खोलीतला रेडिएटर कोमटच राहतो. येथे ना हवा दोषी, ना गाळ. जवळच्या रेडिएटरची परतीच्या बाजूची झडप थोडी आवळून पाणी दूरवर जायला भाग पाडावे लागते. त्यानंतर आली तापमानानुसार स्वतः मिटणारी झडप. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४० च्या दशकात ती घडवली. तिचाही रोग ठरलेला : उन्हाळाभर मिटून राहिली की आतली बारीक पिन चिकटून बसते आणि पहिल्या थंडीत एकच रेडिएटर ठार गार राहतो. वरची टोपी काढून पिन हलकेच दाबली की ती बहुधा सुटते. उन्हाळ्यात झडप पूर्ण उघडी ठेवली तर तीही वेळ येत नाही.

हे सारे घरापुरते झाले. सोव्हिएत काळात उभ्या राहिलेल्या अनेक शहरांत मात्र बॉयलर घराचा नसून शहराचा असतो, आणि तिथे चावी फिरवून प्रश्न सुटत नाही. पूर्व युक्रेनमधील आल्चेव्हस्क या एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरात जानेवारी २००६ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, उष्णतेची मुख्य वाहिनी फुटली. पाणी थांबले, मग गोठले. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. त्या फुगवट्यापुढे नळ आणि बिडाचे रेडिएटर तडकले. वाहिनी जोडून भागण्यासारखे नव्हते, कारण गरम पाणी सोडायचे तर प्रत्येक घरातला फुटका नळ आधी बदलावा लागणार होता. हजारो मुलांना शहराबाहेर हलवण्यात आले. २०२२ नंतर वीज आणि उष्णतेच्या केंद्रांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा युक्रेनमधील इमारतींत ऊब बंद पडताच नळांतले पाणीच उपसून टाकण्याची खबरदारी घेतली जाऊ लागली. रिकामा रेडिएटर थंड असतो, पण तो फुटत नाही आणि पुन्हा भरता येतो.